विश्लेषण : निफाडचे कॉम्रेड डांगे ब्रिटिश, काँग्रेस आणि चीन या तिघांनाही का खुपले?

गिरणगावातील सहा महिन्यांचा संप, मीरतचा खटला, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, चीन युद्ध आणि शेवटी स्वतःच्याच पक्षातून हकालपट्टी. नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या श्रीपाद अमृत डांगे यांचा प्रवास समजून घेऊ या.

नाशिक आणि लाल झेंडा म्हटले की आजच्या पिढीला मार्च २०१८ मधील किसान लाँग मार्च आठवतो. हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत पोहोचले आणि सरकारला त्यांच्याशी बोलावे लागले. हा मोर्चा काढणारी किसान सभा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेली आहे. हा पक्ष १९६४ मध्ये ज्या नेत्याविरुद्धच्या बंडातून उभा राहिला, तो नेताही याच नाशिक जिल्ह्यातला होता.

कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे. ब्रिटिशांनी त्यांना वारंवार तुरुंगात टाकले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी काँग्रेसला घाम फोडला. चीनच्या सत्ताधारी पक्षाच्या मुखपत्राने त्यांच्यावर नाव घेऊन तोफ डागली. आणि ज्या पक्षासाठी आयुष्य घालवले, त्याच पक्षाने वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांना बाहेर काढले.

या सगळ्यात एक समान धागा दिसतो. डांगे लढत, पण लढताना समोरच्याशी बोलण्याची वाट सहसा बंद करत नसत. या सवयीने त्यांना मोठे केले आणि याच सवयीने शेवटी एकटेही पाडले.

डांगे यांचे नाशिकशी नाते काय?

डांगे यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९९ रोजी निफाड तालुक्यातील करंजगावचा. आज हा तालुका द्राक्षांसाठी ओळखला जातो. घरची परिस्थिती चांगली होती. गावात शेतजमीन आणि वाडा होता. वडील मुंबईत सॉलिसिटरच्या पेढीत कारकुनी करत. म्हणजे कामगारांचा हा पुढारी गिरणीतून आलेला नव्हता. तो जमीनदार घरातून, मुंबईच्या कॉलेजमार्गे राजकारणात आला.

तो काळही तापलेला होता. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, तेव्हा डांगे दहा वर्षांचे होते. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजमध्ये बायबलचा तास सक्तीचा असण्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. त्यात डांगे आघाडीवर होते. असहकार चळवळीच्या लाटेत त्यांचे शिक्षण सुटले ते कायमचेच.

'गांधी विरुद्ध लेनिन' हे पुस्तक का गाजले?

१९२१ मध्ये डांगे यांनी 'गांधी विरुद्ध लेनिन' या अर्थाच्या नावाचे छोटे इंग्रजी पुस्तक लिहिले. वय जेमतेम २१. रशियातील क्रांतीला चारच वर्षे झाली होती आणि तिच्याबद्दल भारतात फार थोडे साहित्य मिळत होते. डांगे यांनी दोन नेत्यांच्या मार्गांची तुलना केली आणि कौल लेनिनच्या बाजूने दिला. मात्र गांधीजींनी सामान्य माणसाला चळवळीत आणले, याची दखलही घेतली.

या पुस्तकामुळे दोन दारे उघडली. पहिले दार मुंबईतले. रणछोडदास लोटवाला या पिठाच्या गिरणीच्या मालकाला समाजवादी विचारांत रस होता. त्यांनी या तरुणाला पुस्तके आणि पैसा पुरवला. दुसरे दार परदेशातले. तिकडून भारतीय कम्युनिस्टांची जुळवाजुळव करणाऱ्या मानवेंद्रनाथ रॉय यांचे लक्ष डांगे यांच्याकडे गेले. ऑगस्ट १९२२ मध्ये डांगे यांनी 'सोशॅलिस्ट' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. भारतातील पहिल्या मार्क्सवादी नियतकालिकांत त्याची गणना होते.

ब्रिटिश सरकारशी पहिली टक्कर कधी झाली?

रॉय यांची पत्रे आणि माणसे भारतात येत होती आणि त्यांच्यावर सरकारची नजर होती. १९२४ मध्ये कानपूर बोल्शेविक कट खटला उभा राहिला. ब्रिटिश बादशहाची हिंदुस्थानवरील सत्ता उलथवण्याचा कट केल्याचा आरोप होता. डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली.

सरकारला वाटले होते की प्रश्न मिटला. झाले उलटेच. खटल्याच्या बातम्या रोज वर्तमानपत्रांत येत राहिल्या आणि कम्युनिस्ट हा शब्द प्रथमच घराघरांत पोहोचला. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरलाच कम्युनिस्टांची परिषद भरली, तेव्हा डांगे तुरुंगात होते. १९२७ मध्ये ते सुटले तेव्हा मुंबईत नाव झालेले होते. मात्र या तुरुंगवासाचा एक धागा चार दशकांनंतर पुन्हा वर येणार होता. तो पुढे पाहू.

१९२८ च्या संपाने काय बदलले?

डांगे यांचा खरा उदय झाला तो परळ-लालबागच्या गिरण्यांत. गिरणीमालकांनी खर्च कमी करण्यासाठी नवी पद्धत आणली. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे, कातणाऱ्यानेही कामाचा दुप्पट भार उचलायचा. याचा अर्थ सरळ होता : कमी माणसांत तेवढेच काम आणि बाकीच्यांच्या नोकरीवर गदा.

एप्रिल १९२८ मध्ये संप पेटला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. सहा महिने पगार नाही. अनेक जण कोकणात, देशावर आपापल्या गावी गेले. उरलेल्यांसाठी धान्यवाटप झाले. सोव्हिएत कामगार संघटनांकडूनही मदत आली आणि ती सरकारच्या डोळ्यांत खुपली.

संपाच्या ऐन मध्यावर, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) स्थापन झाली. गिरणी कामगार अ. आ. आळवे अध्यक्ष आणि डांगे सरचिटणीस. सोबत मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे हे सहकारी होते. सुरुवातीला युनियनचे सभासद होते ३२४. वर्षअखेरीस ही संख्या ५४ हजारांवर गेली. यामागे फक्त भाषणे नव्हती. युनियनने गिरणीगणिक कामगारांच्या समित्या बांधल्या. तोवर कामगाराची भरती, रजा आणि उधारी सगळे जॉबरच्या हातात असे. आता तक्रार घेऊन जायला त्याला दुसरी जागा मिळाली.

डांगे यांची पद्धत इथेच पहिल्यांदा स्पष्ट दिसली. मवाळ कामगार नेते ना. म. जोशी यांच्याशी मतभेद असूनही त्यांच्यासोबत संयुक्त संप समिती चालवली गेली. शेवटी सरकारने नेमलेल्या फॉसेट समितीसमोर प्रश्न नेण्याच्या अटीवर संप मागे घेतला गेला. युनियनने समितीपुढे कामगारांची बाजू सविस्तर मांडली. रस्त्यावर ताकद दाखवायची आणि मग टेबलावर बसायचे, हे सूत्र डांगे यांनी पुढे आयुष्यभर वापरले.

डॉ. आंबेडकर आणि डांगे यांच्यात वाद कशावरून?

संपाच्या एकजुटीत एक मोठी भेग होती. विणकाम खात्यात पगार जास्त मिळे, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तोंड लावावे लागे, म्हणून सवर्ण विणकर विटाळाचे कारण पुढे करत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सवाल बिनतोड होता. ज्या खात्यात आमच्या माणसांना पायच ठेवता येत नाही, त्या खात्याच्या पगारासाठी त्यांनी उपाशी का राहायचे? ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमचे कामगार संपाबाहेर राहतील, असे त्यांनी स्पष्ट केले. संप समितीने ती मागणी घेतली, पण नाखुशीने.

दहा वर्षांनी चित्र पालटले. काँग्रेसच्या बाळासाहेब खेर सरकारने संपावर बंधने आणणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ च्या एकदिवसीय संपात आंबेडकर आणि डांगे एकाच बाजूला उभे होते.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत मात्र कटुता टोकाला गेली. उत्तर मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघात आंबेडकर आणि डांगे दोघेही उमेदवार होते. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून १४ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. मोठ्या संख्येने मते बाद ठरली होती. कम्युनिस्टांनी मतदारांना दुसरे मत वाया घालवायला सांगितल्याचा आरोप झाला. आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणुकीला आव्हान दिले, पण निकाल बदलला नाही. दलित चळवळीत डांगे यांच्याबद्दलची ही सल आजही बोलून दाखवली जाते.

मीरत खटला मुंबईत का चालवला नाही?

पुन्हा १९२९ कडे जाऊ. गिरणगावातील लाल बावट्याची वाढ पाहून सरकार सावध झाले होते. २० मार्च १९२९ रोजी देशभर एकाच दिवशी धाडी पडल्या. ३१ जणांना अटक झाली, नंतर आणखी एकाची भर पडली. आरोपींत डांगे यांच्यासह मुंबईचे बहुतेक सगळे नेते होते, फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडले हे ब्रिटिश कम्युनिस्टही होते. तीनच आठवड्यांनी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या विधिमंडळात बॉम्ब फेकला. तेव्हा तिथे चर्चेत असलेली विधेयकेही कामगारांच्या आणि कम्युनिस्टांच्या चळवळीलाच आवर घालणारी होती.

खटला मीरतला नेण्यामागे साधा हिशेब होता. मुंबई-कलकत्त्यात ज्युरीसमोर खटला चालला असता आणि ज्युरीने आरोपींना सोडून दिले असते, ही सरकारला भीती होती. मीरतमध्ये तो प्रश्न नव्हता.

खटला जवळपास चार वर्षे चालला. जानेवारी १९३३ मध्ये निकाल लागला, तेव्हा डांगे यांना १२ वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अलाहाबाद हायकोर्टाने अपिलात ती तीन वर्षांवर आणली. आरोपींच्या बचावासाठी काँग्रेसच्या नेत्यांनीही समिती उभारली, जवाहरलाल नेहरू त्यात होते. डांगे १९३५ मध्ये सुटले.

मुंबईत मात्र नुकसान झाले होते. नेते आत असताना १९२९ चा दुसरा मोठा संप फसला आणि युनियनची ताकद ओसरली. १९३४ मध्ये पक्षावर बंदीही आली.

दुसऱ्या महायुद्धात डांगे कुठे होते?

युद्ध सुरू होताच, २ ऑक्टोबर १९३९ रोजी, मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवस काम बंद ठेवले. १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्यांत संप झाला. डांगे पुन्हा तुरुंगात गेले. राजपुतान्यातील देवळीच्या छावणीत आणि नंतर येरवड्यात त्यांना ठेवले गेले.

बाहेर जग बदलत होते. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर भारतीय कम्युनिस्टांनी युद्धाला पाठिंबा दिला. १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली आणि त्याच वर्षी छोडो भारत चळवळीपासून पक्ष दूर राहिला. या निर्णयाने कम्युनिस्टांना कायमचा टोमणा चिकटवला. डांगे १९४३ मध्ये सुटले आणि देशातील सर्वांत जुन्या कामगार संघटनेचे, आयटकचे, अध्यक्ष झाले.

तुरुंगात त्यांनी प्राचीन भारतातील आदिम साम्यवादापासून गुलामीपर्यंतचा प्रवास मांडणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. १९४९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यावर सर्वांत कठोर टीका मार्क्सवादी इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीच केली. डांगे यांनी एंगल्सचा साचा पुराव्यांवर बळेच बसवला, असा तिचा रोख होता.

काँग्रेसने कामगार आघाडीवर त्यांना कसे रोखले?

इथे कायद्याची भूमिका मोठी आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात गुलझारीलाल नंदा कामगारमंत्री असताना औद्योगिक संबंध कायदा झाला. त्यानुसार एका भागातील एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक दर्जा मिळे आणि वाटाघाटींचा हक्कही तिलाच. १९४७ मध्ये काँग्रेसच्या छायेखाली इंटक स्थापन झाली. मुंबईच्या गिरण्यांत हा दर्जा तिच्याशी संलग्न राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला.

परिणाम असा की लाल बावट्यामागे गर्दी असली, तरी बोलणीच्या टेबलावर त्याला खुर्ची नव्हती. रस्ता आणि टेबल दोन्ही वापरणाऱ्या नेत्याचे टेबलच काढून घेतले गेले. याच कायद्याची कोंडी पुढे १९८२ च्या संपात दत्ता सामंत यांच्याही वाट्याला आली.

स्टालिनची भेट कशासाठी झाली?

१९४८ मध्ये बी. टी. रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने थेट उठावाची भूमिका घेतली. तेलंगणात सशस्त्र लढा सुरू होता. हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले, डांगेही आतच होते. १९५० मध्ये अजय घोष, डांगे आणि घाटे यांनी या धोरणावर टीका करणारे टिपण लिहिले. तिघांनीही 'प'पासून सुरू होणारी टोपणनावे घेतली होती, म्हणून ते 'तीन प'चे टिपण म्हणून ओळखले जाते.

भांडण मिटेना, तेव्हा १९५१ च्या सुरुवातीला घोष, डांगे, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या हे चौघे गुप्तपणे मॉस्कोला गेले. दोन डांगेंच्या मताचे, दोन सशस्त्र लढ्याच्या बाजूचे. फेब्रुवारीत स्टालिनने त्यांची भेट घेतली. चीनमधील मार्ग भारतात जसाच्या तसा चालणार नाही, असा त्याचा सल्ला होता. त्या वर्षाअखेर तेलंगणाचा लढा मागे घेतला गेला आणि पक्ष निवडणुकीत उतरला. घरचा वाद सोडवायला परक्या राजधानीत जावे लागले, हीदेखील या पक्षाची एक खूण राहिली.

संयुक्त महाराष्ट्रात डांगे यांचे वजन कसे वाढले?

मुंबईसह महाराष्ट्राची मागणी केंद्राने नाकारली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पेटले. या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शंभराहून अधिक बळी गेले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली.

समितीत समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि कम्युनिस्ट एकत्र आले. एरवी यांचे एकमेकांशी पटत नसे. एस. एम. जोशी सरचिटणीस होते. आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट यांचे शब्द सभा जिंकत. डांगे यांनी या लढ्याला गिरणगाव दिले. मुंबई कुणाची, हा भाषेचा प्रश्न त्यांनी श्रमाच्या प्रश्नाशी जोडला. शहराची संपत्ती उभी करणारा कामगार मराठी आहे, मग त्याचे शहर त्याच्या राज्यात का नको, अशी ती मांडणी होती.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. डांगे मध्य मुंबईतून लोकसभेत गेले आणि तिथे कम्युनिस्ट गटाचे नेते झाले. हा गट तेव्हा लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी गट होता. नाशिकनेही काँग्रेसला नाकारून दादासाहेब गायकवाड यांना निवडून दिले. ज्या फेडरेशनशी पाच वर्षांपूर्वी कम्युनिस्टांचे बिनसले होते, त्याच फेडरेशनचे दादासाहेब नेते होते. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने मोठी निदर्शने केली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. तो दिवस कामगार दिनही होता.

चीनचा राग डांगे यांच्यावरच का?

हाच काळ भारत-चीन सीमावादाचा. १९५९ मध्ये लडाखमध्ये भारतीय जवान मारले गेले. भारतीय कम्युनिस्टांची अडचण झाली. एका बाजूला आपला देश, दुसऱ्या बाजूला क्रांती झालेला शेजारी. पक्षातील अनेक जण शब्द मोजून बोलत असताना डांगे यांनी मॅकमोहन रेषेबाबत भारताची बाजू घेतली. समितीतल्या समाजवाद्यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही आणि समिती पुढे फुटली. पक्षातल्या डाव्या गटाला मात्र एवढेही फार वाटले.

जानेवारी १९६२ मध्ये सरचिटणीस अजय घोष यांचे निधन झाले. दोन गटांत तोल साधण्यासाठी अध्यक्ष हे नवे पद तयार करून डांगे यांना दिले गेले. सरचिटणीसपदी नंबुद्रीपाद आले. काही महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, युद्ध सुरू झाले.

१ नोव्हेंबर १९६२ रोजी पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चीनच्या आक्रमणाचा निषेध केला आणि नेहरूंच्या सरकारला पाठिंबा दिला. सुंदरय्या, ज्योती बसू आणि सुरजित यांनी पक्षाच्या सचिव मंडळाचे राजीनामे दिले. त्याच महिन्यात सरकारने डाव्या गटाच्या शेकडो नेते-कार्यकर्त्यांना अटक केली. आपण तुरुंगात आणि डांगे सरकारसोबत, ही भावना त्यांच्यात घट्ट झाली.

मार्च १९६३ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने डांगे आणि त्यांच्या गटाविरुद्ध प्रदीर्घ अग्रलेख छापला. त्यात त्यांच्यावर नेहरू सरकारचे शेपूट झाल्याचा ठपका होता. पण हा राग एका व्यक्तीवरचा नव्हता. तोवर मॉस्को आणि बीजिंग यांच्यात जगभरच्या कम्युनिस्टांच्या नेतृत्वावरून उघड भांडण जुंपले होते आणि डांगे मॉस्कोच्या बाजूचे होते. त्यांना झोडपताना बीजिंगचा खरा रोख रशियावर होता.

इथे नाशिकचा आणखी एक संबंध येतो. युद्धाच्या धामधुमीत यशवंतराव चव्हाण दिल्लीत संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात चव्हाण हे समितीचे मुख्य प्रतिस्पर्धी होते. आता त्यांच्या संरक्षण धोरणाला डांगे यांचा पक्ष पाठिंबा देत होता.

१९२४ च्या पत्रांनी पक्ष कसा फुटला?

७ मार्च १९६४ रोजी मुंबईच्या 'करंट' साप्ताहिकात खळबळजनक मजकूर आला. कानपूर खटल्यात तुरुंगात असताना डांगे यांनी ब्रिटिश सरकारला पत्रे लिहून सुटकेच्या बदल्यात सरकारच्या उपयोगी पडण्याची तयारी दाखवली होती, असा तो दावा होता. ही पत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असल्याचे पुढे आले.

डांगे यांनी पत्रे बनावट ठरवली. विरोधी गटाचे म्हणणे होते की चौकशी होईपर्यंत त्यांनी अध्यक्षपद सोडावे. डांगे खुर्चीवरून उठले नाहीत. ११ एप्रिल १९६४ रोजी राष्ट्रीय परिषदेचे ३२ सदस्य बैठकीतून बाहेर पडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला.

पत्रांच्या खरेपणावरचा वाद आजही दोन्ही बाजूंनी मांडला जातो. पण फूट केवळ पत्रांमुळे पडली असे म्हणता येणार नाही. काँग्रेसमधील पुरोगाम्यांशी हातमिळवणी करायची की तिच्याविरुद्ध उभे राहायचे, हा वाद आधीपासून धुमसत होता. चीन युद्धाने त्यात तेल ओतले आणि पत्रांनी काडी लावली.

गिरणगाव हातातून कसे गेले?

पक्ष फुटला तरी डांगे १९६७ मध्ये मुंबईतून पुन्हा लोकसभेवर गेले. मात्र १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली होती आणि तिचे तरुण त्याच चाळींतून येत होते. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. ज्या मराठी अस्मितेला डांगे यांनी श्रमाशी जोडले होते, ती आता त्यांच्याविरुद्ध उभी होती.

१९७४ च्या सुरुवातीला त्यांची कन्या रोझा देशपांडे यांनी मुंबईतील लोकसभेची पोटनिवडणूक काँग्रेसच्या रामराव आदिकांविरुद्ध जिंकली. लाल बावट्याचा गिरणगावातला हा शेवटच्या मोठ्या विजयांपैकी एक. डांगे यांच्या पत्नी उषाताई याही गिरणी कामगार स्त्रियांच्या लढाऊ पुढारी होत्या. त्यांचे 'पण ऐकतं कोण?' हे आत्मचरित्र त्या काळाचे आतून दर्शन घडवते.

स्वतःच्या पक्षाने त्यांना का काढले?

बँकांचे राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे रद्द करणे, सोव्हिएत मैत्री करार. इंदिरा गांधी यांच्या या पावलांमुळे त्यांना साथ देणे योग्य आहे, अशी डांगे यांची ठाम धारणा झाली. १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला. मार्क्सवादी पक्ष विरोधात होता.

१९७७ मध्ये मतदारांनी हिशेब चुकता केला. पक्षाला लोकसभेत अवघ्या सात जागा मिळाल्या. १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने आणीबाणीची भूमिका चुकल्याचे मान्य केले आणि मार्क्सवादी पक्षाशी जवळीक साधायला सुरुवात केली. डांगे यांना हे मान्य नव्हते. रोझा देशपांडे आणि इतरांनी वेगळा पक्ष काढला. एप्रिल १९८१ मध्ये पक्षाने डांगे यांची हकालपट्टी केली. ते कन्येच्या पक्षात गेले, पण त्याला जनाधार मिळाला नाही.

२२ मे १९९१ रोजी मुंबईत डांगे यांचे निधन झाले. आदल्या रात्री श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली होती. देशाचे लक्ष तिकडे होते.

आज डांगे यांच्याकडे कसे पाहावे?

त्यांचे जमाखर्च एका ओळीत मांडता येत नाहीत. १९२८ मध्ये संपानंतर टेबलावर बसण्याच्या तयारीतून युनियन वाढली. १९५६ मध्ये जुन्या विरोधकांना सोबत घेण्यातून मुंबईसह महाराष्ट्राचा लढा जिंकला गेला. १९६२ मध्ये देशाच्या बाजूने उभे राहण्याची किंमत पक्षाच्या फुटीत मोजावी लागली. १९७५ मध्ये मात्र सत्तेशी मैत्री कुठे थांबवायची, ही रेषा त्यांना दिसली नाही. गिरणीतील जातीच्या भिंतीकडे सुरुवातीला झालेले दुर्लक्षही खर्चाच्या बाजूलाच राहते.

डिसेंबर २००४ मध्ये संसद भवनाच्या आवारात डांगे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. अनावरण केले काँग्रेसचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी. लोकसभाध्यक्ष होते सोमनाथ चटर्जी, म्हणजे डांगे यांच्याविरुद्धच्या बंडातून जन्मलेल्या मार्क्सवादी पक्षाचे नेते. तेव्हा हाच पक्ष बाहेरून पाठिंबा देऊन काँग्रेसचे सरकार चालवत होता. काँग्रेससोबत जायचे की नाही, या ज्या प्रश्नावर १९६४ मध्ये पक्ष दुभंगला होता, त्यावर चार दशकांनी दोन्ही कम्युनिस्ट पक्ष एकाच बाकावर बसले होते.